साहेबरावांचा अखंड सोऱ्या

सोऱ्याची मूठ शौकतभाईंकडे न नेता आपणच काय ते बघायचं, असं साहेबरावांनी गुरुवारी सकाळी दात घासता घासता ठरवलं. बास! पुढचं सगळं रामायण एवढ्यावरून घडलं.

मूळ तक्रार विजयश्रीवहिनींची, आणि ती मोजून आठ शब्दांची होती. "अहो, सोऱ्याची मूठ हाताला टोचते. जरा घासून आणा."

शौकतभाईंचं लेथचं दुकान काळेवाडीत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच. चालत दोन मिनिटं. पण साहेबराव पडले डिझाइनवाले! निघोज्याजवळच्या एका कंपनीत, थ्रीडी प्रिंटिंग विभागात. (नाव साहेबराव असलं तरी कंपनीत त्यांना साहेब कोणी म्हणत नाही. घरी तर राव म्हणायचीही पद्धत नाही.) तिथं मशीन प्लास्टिकची तार वितळवतं आणि थरावर थर चढवत वस्तू उभी करतं. साचा नको, जोड नको. असल्या माणसानं बायकोचा सोऱ्या घेऊन लेथवाल्याच्या दारात उभं राहायचं? छे!

त्यात त्यांच्या मिनल मॅडम आठवडाभर मागं लागलेल्या. मॅडम विभागप्रमुख, वयानं साहेबरावांच्या पुतणीएवढ्या, पण आवाज काकूचा.

"आपण नुसते नमुने करतो, साहेबराव. गिऱ्हाईक हातात घेतं, वा वा म्हणतं आणि कपाटात ठेवतं. मला रोज वापरता येईल असा पार्ट द्या. आणि जुन्याची कॉपी नको. चार पार्टांचा एक पार्ट करा!"

याच मॅडमनी साहेबरावांच्या डब्यातल्या चकल्या खाऊन वहिनींना दिवाळीची ऑर्डर दिली होती. कंपनीतल्या लोकांसाठी साठ पाकिटं, सोमवारी दुपारी पोचवायची. आजवर वहिनी शेजारणींच्या फराळाला हात लावायला जायच्या आणि नाव शेजारणींचं व्हायचं. या वेळी पाकिटावर लेबल होतं, 'विजयश्री फराळ, काळेवाडी'. ते छापून आलं त्या दिवशी वहिनींनी दहा वेळा वाचलं. ही ऑर्डर नीट गेली तर पुढं काम मिळणार होतं, आणि बिघडली तर लेबलं कपाटाच्या खणात अंथरायला होणार होती.

तर गुरुवारी साहेबरावांनी कंपनीत सोऱ्या टेबलावर सुटा केला. नळी, झाकण, आट्यांचा दांडा, दट्ट्या, मूठ, चार चकत्या.

"नऊ पार्ट!" ते असे किंचाळले की शेजारच्या टेबलावरच्या पोराचा चहा सांडला. "एका चकलीसाठी नऊ पार्ट? काय अडाणी डिझाइन आहे हे!"

हे अडाणी डिझाइन वहिनींच्या आईनं लग्नात दिलेलं, अस्सल पितळेचं, आणि बावीस वर्षं बिनतक्रार चाललेलं होतं. पण साहेबरावांना आता दम निघेना. माप घेताना नळी हलते म्हणून त्यांनी ती टेबलावरच्या शिकंज्यात धरली. तरी हलते म्हणून एक आटा जास्त आवळला. पितळ 'कट्' म्हणालं.

नळी अंड्यासारखी लांबुळकी झाली. दट्ट्या आत जाईना. साहेबरावांनी इकडं तिकडं बघितलं, सोऱ्या फडक्यात गुंडाळला आणि डब्याच्या पिशवीत तळाशी घातला. आता नवा सोऱ्या करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी ते घरी आले ते वरात घेऊन आल्यासारखे. सोऱ्या केशरी होता. (मशीनवर तेवढीच तार शिल्लक होती.) एकोणीस तास छापून झालेला, मुठीला मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, आणि जोड कुठं म्हणजे कुठं नाही.

"अखंड आहे!" साहेबराव म्हणाले. "नऊचा एक केला. दट्ट्यासुद्धा आतच छापून येतो, फिरवून बघ."

वहिनींनी फिरवला. छान फिरला. "आणि माझा कुठाय?"

"तो... तो रेफरन्सला ठेवलाय."

नवा सोऱ्या आणलेल्या पिशवीतून केशरी काड्याकुड्यांचा ढीग खाली पडला. "हे काय आणि?"

"तो सपोर्ट. पार्ट तयार होताना काही भाग अधांतरी असतो ना, त्याला खालून आधार द्यावा लागतो. पार्ट झाला की तोडून टाकायचा."

"म्हणजे त्याचा स्वतःचा काही उपयोग नाही?"

"काडीचा नाही. नुसता चिकटून असतो. कचऱ्यातच जातो."

"अस्सं," वहिनी म्हणाल्या, आणि केर काढायला लागल्या.

रविवारी सकाळी भाजणीची उकड झाली. वहिनींनी पीठ मळलं, गरम गरम गोळा हातात घेतला, सोऱ्या उचलला, उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला.

"अहो."

"हं?"

"पीठ कुठून भरायचं?"

साहेबराव पुढं झाले. त्यांनी सोऱ्या वरून पाहिला, खालून पाहिला. वर झाकण होतं, ते नळीला जोडलेलं... जोडलेलं कुठलं, नळीच होती ती! खाली चांदणीचं भोक. त्यातून पीठ बाहेर येणार होतं. आत जायला वाटच नव्हती. एकोणीस तास मशीन चाललं, अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या, मॅडमनी फोटो काढला, आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. (त्यातल्या एकानंही कधी चकली पाडली नव्हती, हे एक कारण असावं.)

"हे... पुढच्या व्हर्जनमध्ये येईल," साहेबराव पुटपुटले.

"मला या व्हर्जनमध्ये साठ पाकिटं करायचीत!"

मग साहेबरावांनी हॅकसॉनं झाकण कापलं. वहिनींनी पीठ भरलं. झाकण परत बसवून भोवती चिकटपट्टीचे सहा वेढे दिले. तेल तापलं. वहिनींनी देवाचं नाव घेतलं आणि मूठ फिरवली.

हे प्लास्टिक साठ डिग्रीला मऊ पडतं. साहेबरावांना हे पाठ आहे. नव्या पोरांना ते हेच शिकवतात. पण चकलीचं पीठ किती डिग्रीला असतं, हे त्यांनी बावीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. सोऱ्या आधी फुगला. मग एका बाजूला कलला. चांदणीचे कोपरे विरघळून भोक गोल झालं आणि ताटात एक जाडजूड, बिनकाट्याचं वेटोळं पडलं. मग चिकटपट्टी सुटली आणि उरलेलं पीठ साहेबरावांच्या बनियनवर आलं.

"माझा सोऱ्या द्या," वहिनी म्हणाल्या.

साहेबरावांची नजर डब्याच्या पिशवीकडं गेली. वहिनी सरळ तिकडं गेल्या आणि तळातलं फडकं सोडलं. चेपलेली नळी बघून त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आईनं दिलेला होता हो. मी मूठ घासायला सांगितली होती. नुसती मूठ!"

इतकं वाईट साहेबरावांना आयुष्यात वाटलं नव्हतं. बॉसनं झापलं तर माणूस कँटीनमध्ये जाऊन बॉसला शिव्या देतो. इथं द्यायच्या कोणाला?

वहिनी डोळे पुसून तशाच पिठाच्या हातांनी शौकतभाईंकडं निघाल्या. मागून साहेबराव, बनियनवर भाजणी घेऊन.

शौकतभाईंनी नळीत लोखंडी गोल दांडा घातला, लाकडी हातोड्यानं फिरवून फिरवून ठोकलं, आणि दहा मिनिटांत नळी गोल. दट्ट्या सरसर आत गेला. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

"आणि भाई, मूठ तेवढी घासून द्या."

शौकतभाईंनी मूठ बोटानं चाचपली. "न्हाई भाभी. झिजून पातळ झालीय, घासली तर मोडंल. वरून कायतरी बसवाय पायजे, तुमच्या हाताच्या मापाचं." ते साहेबरावांकडं वळले. "भाऊ, ह्ये तुमच्या मशीनचं काम हाय. माझा लेथ सगळं गोल करतो. मानसाचा हात कुठं गोल असतो?"

साहेबरावांनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा.

घरी येताच वहिनींनी पिठाचा एक गोळा मुठीत करकचून दाबला. बोटांचे खड्डे, तळव्याची घडी, अंगठीची खूणसुद्धा उठली. साहेबरावांनी तो गोळा डब्यात ठेवला आणि बाइकवरून निघोजे गाठलं. गोळा स्कॅन केला, आतून पितळी मुठीचं माप दिलं, आणि दोन तासांत तेवढं एकच कव्हर छापून निघालं. (केशरीच.) ते गरम पिठापासून लांब राहणार होतं, हे त्यांनी या वेळी तीनदा तपासलं.

संध्याकाळी वहिनींनी मूठ धरली. बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. "टोचत नाही हो," त्या म्हणाल्या, आणि चकली पडली ती अशी काटेरी की साहेबरावांनाच भरून आलं.

सोमवारी दुपारी साठ पाकिटं आणि ते कव्हर घेऊन वहिनी स्वतः कंपनीच्या कँटीनमध्ये पोचल्या. जिकडंतिकडं कुर्रम कुर्रम. मिनल मॅडमनी कव्हर बघितलं, हातात धरून बघितलं, त्यांना ते बसेना, आणि त्या खूशच झाल्या. "एकाच माणसासाठी एकच पार्ट! हेच तर मला हवं होतं!" मग संक्रांतीची ऑर्डर तिथल्या तिथं देऊन त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "वहिनी, साहेबरावांचा सपोर्ट होता ना?"

साहेबरावांनी छाती पुढं काढली.

"तर! फुल सपोर्ट," वहिनी गोड हसून म्हणाल्या. "अगदी तुमच्या मशीनमध्ये असतो ना, तस्साच."

अख्खा प्रिंटिंग विभाग चावायचा थांबला. मग जो काही हशा उसळला, तो म्हणे गेटवरच्या वॉचमनला ऐकू गेला.

त्या दिवसापासून मात्र साहेबरावांची बावीस वर्षांची एक इच्छा पुरी झाली. कंपनीत आता लहानथोर सगळे त्यांना साहेब म्हणतात. सपोर्टसाहेब.