गळका नळ, परिषदेसाठी राखीव

धंतोलीतल्या एका मुलींच्या शाळेच्या मागच्या अंगणातला नळ सन एकोणीसशे बहात्तरच्या दिवाळीपासून गळत होता. ही गोष्ट कुणापासून लपवलेली नव्हती. शाळेच्या दप्तरात तिची चार ठिकाणी नोंद होती आणि चौथ्या नोंदीत पहिल्या तीन नोंदी तपासून बरोबर आढळल्याचंही लिहिलेलं होतं.

शाळा दोन पाळ्यांत भरायची. सकाळी मोठ्या मुली, दुपारी लहान. सकाळभर नळाची करंगळीएवढी धार सुरू राही आणि गच्चीवरची टाकी गुपचूप अंगणात उतरे. बरोबर बारा वाजता, लहान मुली पाठीवर दप्तरं घेऊन आत आल्या, की नळ गळायचा थांबे, कारण गळायला टाकीत काही उरलेलंच नसे. याची नोंद 'दुपारच्या पाळीत गळतीची तक्रार नाही' अशी होती.

चौऱ्याहत्तर सालच्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाचवीतली शामला भूगोलाच्या तासाला चक्कर येऊन पडली. त्या वेळी बाई विदर्भातल्या नद्या शिकवत होत्या आणि वर्ग कन्हानपर्यंत पोचला होता. शुद्धीवर आल्यावर शामलाने पाणी मागितलं. बाईंनी तिला पुस्तकाने वारा घातला.

शामलाची थोरली बहीण गोपिका सकाळच्या पाळीत नववीत होती. ती महिन्याभरापूर्वीच वर्गाची मॉनिटर झाली होती आणि तेव्हापासून तिची अशी ठाम समजूत झाली होती, की जगात जे काही चुकतंय ते कुणीतरी नीट सांगायचं राहून गेल्यामुळे चुकतंय. दुसऱ्या दिवशी सात वाजता ती शाळेच्या शिपायापुढे, म्हणजे गिरिधरभाऊंपुढे, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गिरिधरभाऊ, नळाचा वायसर काहून नाही बदलत तुम्ही?"

"मी काहून बदलू वं?" गिरिधर घंटा पुसत म्हणाला. "वायसर बदलणं म्हणजे दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे बांधकाम. बांधकामाले समिती हाये. मी हात लावला अन् नळ सुधरला, तं मंग समितीनं काय करावं?"

गोपिका वर्गात गेली आणि तिने फळ्यावरची तारीख नेहमीपेक्षा जोरात लिहिली.

त्याच आठवड्यात तिचे आजोबा, नानाजी, डोळे दाखवायला काटोलहून एस.टी.ने आले. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तासभर बसायला सांगितलं, तो तास त्यांनी जवळच असलेल्या नातींच्या शाळेत काढला. थेंबांनी धुरकटलेल्या डोळ्यांनाही तो नळ दिसला.

"संत्र्याच्या झाडाले बहाराच्या आधी आम्ही ताण देतो, पोरी," ते म्हणाले. "पाणी तोडतो. पानं गळतेत, अन् मंग फुलं येतेत. पण पाचवीतल्या लेकराले ताण देऊन काय येईन वं? फेफरं?"

घरी जाऊन त्यांनी आपल्या जुन्या रबरी चपलेच्या टाचेतून चाकूने एक गोल चकती कापली, मधोमध भोक पाडलं आणि ती गोपिकाच्या तळहातावर ठेवली. "हे बसव. पाना फिरव. झालं."

चकती कंपासपेटीत टाकून गोपिका दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. सरळ नळापाशी जाऊन काम उरकलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ती मॉनिटर होती. तिने परवानगी मागितली.

संस्थेचे चिटणीस मनोहरराव त्या वेळी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिका चारुशीलाबाईंच्या, खोलीत बसले होते. दुष्काळानंतर सगळ्यांनाच पाण्याची आठवण झाली होती, आणि मनोहररावांना ती अंमळ जास्त झाल्यामुळे शाळेत येत्या पंचवीस तारखेला 'विभागीय पाणीबचत परिषद' भरणार होती. परिषद बचतीची, तेव्हा ती भरवण्यातही एक कण वाया जाता कामा नये, असा मनोहररावांचा बाणा होता. त्यासाठी त्यांनी उपसमित्या नेमल्या होत्या. कागदबचत उपसमितीने एकोणीस बैठका घेऊन निमंत्रणपत्रिका छापायच्या नाहीत असं ठरवलं. त्यामुळे गिरिधर सायकल मारत पार कामठीपर्यंत दोनशे चाळीस प्रतिनिधींच्या दारी गेला आणि प्रत्येकाला निमंत्रण तोंडी म्हणून दाखवून आला. निमंत्रण कागदावर मिळालं नाही, असं त्याने प्रत्येकाकडून कागदावर लिहून आणलं. तीन प्रतींत.

"वायसर? आत्ता?" मनोहररावांनी चष्मा काढला. "मुली, मग उद्घाटन कशाचं करायचं?"

"म्हणजे?"

"समई लावली तर तेल जळतं. फीत कापली तर फीत वाया जाते. म्हणून आपण अभिनव कल्पना काढली आहे. प्रमुख पाहुणे स्वहस्ते गळका नळ बंद करतील आणि परिषदेचं उद्घाटन झालं असं जाहीर होईल. अख्ख्या प्रांतात असा कार्यक्रम झालेला नाही."

"पण सर, तो बंद होतच नाही. म्हणून तर गळतोय."

"बाळ, तू तांत्रिक बाजूत शिरू नकोस."

चारुशीलाबाईंनी मान वर केली. त्या काहीतरी बोलणार असं गोपिकाला वाटलं. त्यांनी फुलदाणी सरळ केली.

त्याच दिवशी दुपारी नळावर पाटी लागली: 'हा नळ परिषदेसाठी राखीव. दुरुस्त करू नये.'

पाटी लागल्यावर एक अडचण लक्षात आली. उद्घाटन चार वाजता आणि टाकी रिकामी होते बाराला. ऐन वेळी नळ गळलाच नाही, तर पाहुण्यांनी बंद काय करायचं? म्हणून परिषदेच्या दिवशी पहाटे पाण्याचा टँकर बोलावण्यात आला, टाकी काठोकाठ भरून झाकणाला कुलूप लावण्यात आलं आणि नळाच्या तोंडाला चिंधी गच्च आवळून बांधण्यात आली. मुलींनी त्या दिवशी पाणी घरून आणावं, टाकीतलं पाणी हे प्रात्यक्षिकाचं साहित्य आहे, अशी सूचना प्रार्थनेनंतर वाचून दाखवली गेली.

"सर, चिंधीने थांबतोय की तो!" गोपिका ओरडली.

"तात्पुरता," मनोहरराव शांतपणे म्हणाले. "कायमचा बंद करायला परिषद लागते."

दुपारी एक वाजता रंगीत तालीम झाली. चिंधी सोडली. मागच्या रांगेत बसून पाहिलेल्या दोन सभासदांनी तक्रार केली, की गळती तिथून दिसत नाही. लांबून आलेल्या प्रतिनिधींवर हा अन्याय आहे. ताबडतोब गिरिधरला पाना देऊन नळ आणखी दोन आटे ढिला करण्यात आला आणि चार वाजेपर्यंत चिंधी पुन्हा आवळण्यात आली. नळाला पहिल्यांदाच कुणीतरी पाना लावत होतं. गोपिकाने ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

"गिरिधरभाऊ, आता नाही म्हणा लागत का, की दुरुस्तीले समिती हाये?"

"हे दुरुस्ती नोहे वं," गिरिधर खालमानेने म्हणाला. "हे बिघाड हाये. त्याले मंजुरी लागत नाही."

चार वाजता प्रमुख पाहुणे आले. पेट्रोलची टंचाई होती, त्यामुळे ते तीन मोटारींतून आले. एकीत ते स्वतः, दुसरीत त्यांचं भाषण, आणि तिसरी, पहिल्या दोन्हींतलं पेट्रोल संपलं तर असावी म्हणून.

अंगणातच मांडव होता. व्यासपीठावर नऊ मान्यवर बसले होते आणि नवांचाही सत्कार व्हायचा होता. पुष्पबचत उपसमितीने मुळात एकच हार आणायचं ठरवलं होतं. पाहुण्यांच्या गळ्यात घालायचा, त्यांनी काढून टेबलावर ठेवला की अलगद उचलून पुढच्याच्या गळ्यात. हे कळताच दुसऱ्या क्रमांकाचे मान्यवर म्हणाले, "दुसऱ्याचा उतरलेला हार मी घालू?" तिसरे म्हणाले, मी तर दोघांचा उतरलेला घालणार. नववे सरळ घरी निघाले. अखेर उपसमितीने असा तोडगा काढला, की हार एकच, पण एकवीस हात लांब, आणि तो नवांच्याही गळ्यात एकाच वेळी पडेल. त्याला नऊ हारांच्या दुप्पट फुलं लागली. पण हार एकच होता, याकडे उपसमितीने सभेचं लक्ष वेधलं, आणि टाळ्या पडल्या.

आता नळापाशी जायचं. प्रमुख पाहुणे उठले. त्यांच्याबरोबर आणखी आठजण उठले, कारण उठणं भाग होतं. एका हारात ओवलेले नऊ मान्यवर बाजाराला निघालेल्या बैलांसारखे पायरीपायरीने खाली उतरले आणि नळाभोवती अर्धवर्तुळ करून उभे राहिले. गिरिधरने चिंधी सोडली. गोपिकाची मैत्रीण तारा स्वागतगीताच्या रांगेतून कुजबुजली, "पाह्य नं वं, सातव्याचं पोट पाह्य, हार पुरत नाही त्याले!"

"आजपासून," प्रमुख पाहुणे ध्वनिक्षेपकात म्हणाले, "पाण्याचा एक थेंबही..." आणि त्यांनी नळ पिळला.

नळ त्यांच्या हातात आला.

पहाटेपासून काठोकाठ भरलेली टाकी सरळ पाहुण्यांच्या छातीवर आली. पुढच्या चार रांगा खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. नऊ मान्यवर मात्र हलले नाहीत, कारण त्यांना हलता येईना. हार काढायचा तर आधी कुणी? पाहुण्यांच्या आधी हार उतरवणं हा त्यांचा अवमान. पाहुण्यांनी छायाचित्राआधी उतरवणं हा परिषदेचा अवमान. आणि छायाचित्रकार तर कॅमेरा कोरडा करायला वर्गात पळाला होता. तेव्हा ते सगळे प्रतिष्ठेने भिजत राहिले.

"गिरिधरभाऊ, गच्चीवरची पाण्याची चावी बंद करा!" गोपिका किंचाळली, आणि गिरिधर, कुणाची मंजुरी आहे हे विचारायचं विसरून, जिन्यावरून धावला. धार मेली. गोपिका चिखलात गुडघे टेकून बसली. पाहुण्यांच्या हातातून तिने नळ अक्षरशः हिसकावला, कंपासपेटीतली रबराची चकती आत बसवली, नळ फिरवला, पाना घेतला, दात आवळून एक पीळ, आणखी एक पीळ दिला.

"सोडा!"

वरून चावी सुटली. पाइपात पाणी गडगडत आलं, आणि थांबलं.

एक थेंब नाही. टाकीत पाणी असताना, चिंधीवाचून, दीड वर्षात त्या अंगणात कुणी अशी शांतता ऐकली नव्हती. मुलींच्या रांगेत उभ्या असलेल्या शामलाने पुढे येऊन नळाखाली हात धरला, कोरडा हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दाखवला. मग तिने नळ उघडला, ओंजळभर पाणी प्यायली आणि नळ बंद केला. बंद झाला.

"हे काय केलंस तू?" मनोहररावांच्या धोतरातून पाणी गळत होतं.

"बंद केला, सर."

"उद्घाटनाआधी?"

प्रमुख पाहुण्यांनी नाकावरचं झेंडूचं फूल काढलं. "मग मी काय बंद करायचं?" हा प्रश्न रास्त होता. त्यावर व्यासपीठावर, म्हणजे चिखलातच, तातडीची बैठक झाली. बैठकीला बसायची गरज नव्हती, सगळे बांधलेलेच होते. दोन मिनिटांत ठराव तयार झाला आणि मनोहररावांनी तो ध्वनिक्षेपकावरून वाचला: अनधिकृतपणे बसवलेला वायसर काढून घ्यावा, नळ पूर्ववत गळता करावा, उद्घाटन रीतसर पार पाडावं, आणि गळतीचा कायमचा बंदोबस्त पुढील वर्षीच्या परिषदेत विचारार्थ ठेवावा. तोवर नळ आहे तसा जपावा.

"माझी हरकत आहे!" गोपिका म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चिखल होता आणि आवाज जराही कापत नव्हता. "माझी बहीण पाण्यावाचून वर्गात पडली. दुपारच्या पाळीत दोनशे मुली आहेत. नळ आत्ता नीट आहे. तुम्ही तो मुद्दाम बिघडवताय!"

"हरकत फक्त प्रतिनिधींना घेता येते," मनोहरराव म्हणाले. "विद्यार्थिनी स्वागतगीतात मोडतात." मग त्यांनी मांडवाकडे पाहिलं. "प्रतिनिधींपैकी कुणाची हरकत?"

मांडवात दोनशे चाळीस माणसं होती. मास्तर होते, डॉक्टर होते, दोन वकील होते, मुलींचे आईबाप होते. सगळ्यांनी नळ बंद झालेला पाहिला होता. चारुशीलाबाई आपल्या बांगड्या मोजत होत्या. मागच्या बाजूला संत्राबर्फीची ताटं झाकून ठेवलेली होती आणि चहा उकळत होता, आणि ठराव झाल्याशिवाय चहा नव्हता.

कुणी उठलं नाही.

"ठराव एकमताने मंजूर."

गिरिधरने पाना घेतला. "माफ कर वं पोरी," तो पुटपुटला, "मले सांगतलं तं करा लागते." चकती बाहेर आली. तिला काचेच्या पेटीत ठेवून खाली लिहिण्यात आलं: 'गळतीवरील उपाय (नमुना). हात लावू नये.' नळ गळू लागला. पाहुण्यांनी त्यावर हात ठेवला, छायाचित्र निघालं, हार उतरला, परिषद यशस्वी झाली. दुसऱ्या दिवशी बारा वाजता टाकी रिकामी होती.

पण त्या संध्याकाळी चहाकडे जाताना एक वकील गोपिकापाशी थांबले. इकडे तिकडे पाहून त्यांनी तिची पाठ थोपटली आणि हळूच म्हणाले, "शाब्बास. मी मनातून तुझ्याच बाजूचा होतो." त्यांच्यामागे एक डॉक्टर. मग एक मास्तरीणबाई, डोळ्यांना पदर लावून: "अगं, मी उठणारच होते." मग एकीचे वडील, दुसरीची आई, मग आणखी वीसजण. दोनशे चाळीसांतले दोनशे चाळीस तिच्या बाजूचे निघाले. पाठ थोपटून थोपटून पोरीला पालथं झोपावं लागलं.

तुम्हीही तिच्याच बाजूचे आहात, हे वाचतानाच कळत होतं. या ना. पाठ थोपटणाऱ्यांची रांग नळाच्या डाव्या हाताने लागली आहे. फक्त पाय जपून टाका, तिथे चिखल आहे.