तिसरं कोटेशन

ज्या खर्चाची पावती नाही तो झालाच नाही, आणि ज्याची आहे तो वाया गेलाच नाही, या दोन खांबांवर सुधारलेली राज्यं उभी असतात. सातारा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले सुधाकरराव हे दोन्ही खांब बॅगेत घालून २००३ साली ऑकलंडला मुलाकडे आले.

मुलगा धैर्यशील फार्मासिस्ट. इथली परीक्षा पास, नोंदणीही झालेली, आणि सध्या माउंट रॉस्किलच्या डेअरीत पाव विकणारा. (इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. म्हैस शोधू नये.) औषधवाल्यांचं पालुपद एकच : न्यूझीलंडचा अनुभव हवा. आईवडिलांचा व्हिसा मार्चअखेर संपत होता. (आर्थिक वर्षही मार्चअखेरच संपतं हे कळल्यापासून सुधाकररावांना हा देश आवडू लागला होता.) पोराला पांढऱ्या कोटात बघितल्याशिवाय परतायचं नाही, असा दमयंतीबाईंचा हट्ट होता.

अशात न्यू जर्सीचा भाचा रणजित फोनवर बोलून गेला, की नोकरी शोधायचा खर्च करातून वजा मिळतो. अमेरिकेत मिळतो, मग इथे का नाही? परदेश म्हणजे परदेश. त्याच दुपारी फाइल उघडली गेली आणि धैर्यशीलच्या प्रत्येक अर्जाला पूर्वमंजुरी लागू झाली. बसचं तिकीट 'प्रवास', टायची इस्त्री 'देखभाल', मुलाखतीला निघताना हातावर ठेवलेलं दही-साखर 'आकस्मिक'. (साखर घरचीच, म्हणून पावती फक्त दह्याची.) देवापुढच्या नारळावर बराच खल होऊन तो 'सल्लागार शुल्क' या शीर्षाखाली गेला. नोकरी सोडून सगळं वेळच्या वेळी होऊ लागलं.

आणि एका सोमवारी दक्षिण बेटावरच्या क्राइस्टचर्चहून फोन आला. हॉर्नबीतल्या औषधाच्या दुकानात जागा होती. बुधवारी भेटायला या.

"बाबा, विमानाचं तिकीट काढतोय."

"काढ की. फक्त तीन कोटेशनं घे."

"बुधवारी आहे, बाबा!"

"मग शुक्रवार द्या म्हणावं. कोटेशनाशिवाय खर्च केला तर ऑडिटला आक्षेप येतो. आमच्या एका उपअभियंत्याची पेन्शन अडली होती."

"अहो, पोराची नोकरी अडेल त्याचं काय?" दमयंतीबाई कडाडल्या.

"नोकरी दुसरी लागते. आक्षेप निघता निघत नाही."

मंगळवारी दोन कोटेशनं हाती आली. तिसऱ्यासाठी सुधाकररावांनी बोटीच्या कचेरीला फोन लावला. बुधवारी सकाळी बघतात तर धैर्यशीलचं अंथरूण रिकामं. पोरगा विनामंजुरी, विनादही गेला होता.

संध्याकाळी फोन आला. "लागली, बाबा! सोमवारपासून रुजू व्हायचंय."

दमयंतीबाईंनी डोळ्याला पदर लावला. सुधाकररावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी विचारलं, "बोर्डिंग पास जपून ठेवलास ना?"

"टाकला."

नोकरी लागली होती, पण अनियमित.

आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही. शेवटी फाइल घेऊन ते शेजारच्याच हिल्सबरोला कल्याणीकडे गेले. ती अकाउंटंट, मूळची कोरेगावची. तिने पानं उलटली, दह्यापाशी थबकली.

"काका, इथे पगारदाराला असला खर्च वजा मिळतच नाही. नोकरी शोधायचा तर नाहीच नाही."

"म्हणजे आक्षेपही यायचा नाही?"

"कशावर येणार? क्लेमच नाही."

सुधाकररावांचा जीव भांड्यात पडला. पोरगा वाचला. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

मग हॉर्नबीहून फोन आला. "बाबा, कोट मिळालाय. जायच्या आत बघून जा ना दोघं."

"येतो की. दोन कोटेशनं आलीयेत. तिसरं आलं की निघालोच."

दमयंतीबाई पहिल्यावरच निघाल्या. डोळे भरून कोट पाहून आल्या. सुधाकररावांनी त्यांचा बोर्डिंग पास मागून घेतला, फाइलला लावला, आणि मार्चअखेर ती फाइल बॅगेत सगळ्यात वर ठेवून ते साताऱ्याला परतले. कोट त्यांनी पाहिला नाही. नोंद मात्र पूर्ण आहे.

हसताय? हसा. हसून झालं की आपल्या कपाटाचा खालचा ड्रॉवर उघडा. मिक्सर भंगारात जाऊन किती वर्षं झाली? वॉरंटी कार्ड आहे ना जागेवर?