रणगाड्यातला चहा

सासऱ्यांनी माझ्याशी एकदा तरी सरळ बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी सव्वाशे किलोचा रणगाडा बांधला. (असलं वाक्य माणसं बहुधा पोलिसांसमोर बोलतात. मी ते गावच्या क्रिकेट क्लबच्या समितीसमोर बोललो. पोलीस परवडले असते.)

सिरिल ओकशॉट, म्हणजे माझे सासरे, गेली सव्वीस वर्षं दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतात आणि माझ्याशी गिलियनमार्फत बोलतात. गिलियन ही त्यांची मुलगी आणि माझी बायको. टेबलाच्या त्या टोकाला ते, या टोकाला मी, मध्ये भाजलेलं मटण, उकडलेले बटाटे आणि गिलियन.

"गिल, त्याला मीठ हवंय का विचार."

"डेनिस, मीठ हवंय का?"

"नको. थँक्यू, मिस्टर ओकशॉट."

"नको म्हणतोय, बाबा."

"नको तर नको. मी काय आग्रह करत नाही."

आमचं भांडण वगैरे काही नाही हो. पहिल्या भेटीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "हातानं काय करतोस?" मी तेव्हा कौन्सिलात रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना नंबर देणारा कारकून होतो (निवृत्त होईपर्यंत तोच राहिलो, खांब वाढले, मी नाही). मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, "फॉर्म भरतो." त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग गिलियनकडे पाहिलं, आणि तेव्हापासून तिच्याकडेच पाहताहेत. त्यांचंही बरोबर आहे. तरुणपणी लष्करात ते जर्मनीत सेंचुरियन रणगाडा चालवायचे, नंतर इंग्लंडात चाळीस वर्षं डॉर्सेट परगणाभर ट्रॅक्टर दुरुस्त करत फिरले. त्यांच्या लेखी ज्याच्या नखात ग्रीस नाही, त्याला नखं हवीत कशाला?

तर फेब्रुवारीत एका मॉडेलच्या प्रदर्शनात मला सेंचुरियन दिसला. खऱ्याच्या सहाव्या हिश्शाचा, अॅल्युमिनियम आणि पोलादाचा, रेडिओवर चालणारा, तोफेच्या नळीसकट साडेपाच फूट लांब. सगळे भाग सुटे, आपण घरी जोडायचे. मी आयुष्यात पक्ष्यांचं लाकडी घरकुलसुद्धा जोडलेलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात नुसता एक विचार आला, की हा बांधला तर ते काय म्हणतील? तो विचार अकरा खोक्यांतून घरी आला.

"यात काय आहे?" गिलियननं विचारलं.

"तुझ्या बाबांशी संभाषण," मी म्हणालो.

"अकरा खोकी? दोन वाक्यं पुरली असती."

बागेतल्या शेडमध्ये मी चार महिने काढले. साखळीपट्ट्याच्या दोनशे सोळा कड्या होत्या आणि प्रत्येक कडीत एक पिन ठोकायची होती. दोनशे सोळांपैकी साठ पिना मी अंगठ्यात ठोकल्या असतील. मॉडेल क्लबचा सेक्रेटरी गॉडफ्री विंटल रोज यायचा, स्टुलावर बसायचा आणि माझं काय चुकलं ते सांगायचा. स्वभावानं तो सज्जन आहे, पण रिव्हेट दिसला की मोजतो. रंग लावायची वेळ आली तेव्हा त्यानं हिरव्या रंगाच्या नऊ पट्ट्या आणल्या आणि म्हणाला, यातल्या आठ चूक आहेत.

बरोबर कुठली, ते सांगू शकणारा माणूस दर रविवारी माझ्या घरी बटाटे खात होता.

"गिल, बाबांना विचार, सेंचुरियनचा रंग कसा होता?"

"बाबा, रंग कसा होता?"

"हिरवा."

"कुठला हिरवा?" मी म्हणालो.

"कुठला हिरवा, बाबा?"

"सरकारी." ते बटाटा कापत होते. "त्यावर चिखल. त्याला सांग, चिखल लाव म्हणजे कुणी विचारणार नाही."

पण मी शेडमध्ये रणगाडा बांधतोय हे त्या दिवशी त्यांना कळलं. जेवण झाल्यावर ते 'जरा गुलाब बघून येतो' म्हणून बागेत गेले. आमच्याकडे गुलाब नाहीत. खिडकीतून मी पाहिलं, तर सासरे शेडच्या काचेला नाक लावून उभे! मला इतका आनंद झाला की मी दोनदा पुडिंग घेतलं.

पुढच्या रविवारी त्यांनी काटा खाली ठेवला.

"गिल, त्याला विचार, भांडं बसवलंय का?"

"कसलं भांडं?" मी आणि गिलियन एकदम म्हणालो.

मग सासरे चाळीस मिनिटं बोलले. हो, चाळीस, मी घड्याळ पाहत होतो. सेंचुरियनच्या पोटात म्हणे पाणी तापवायचं एक चौकोनी भांडं असायचं, विजेवर चालणारं. बाहेर पाऊस असो, बर्फ असो, शत्रू असो, आत बसून चहा करता यायचा. पाणी, पत्ती, साखर, डब्यातलं घट्ट दूध, सगळं एकदम आत टाकायचं आणि झाकण लावायचं. कधी कधी त्यातच अंडी उकडायची.

"चहात?" गिलियन ओरडली.

"चहाला काय फरक पडत नव्हता," ते म्हणाले. त्यांचे डोळे कुठेतरी जर्मनीत होते. "त्याला सांग गिल, भांडं नसेल तर तो रणगाडा नव्हे. ट्रॅक्टर आहे."

झालं. माझ्या मनानं घेतलं की माझा रणगाडा चहा करणार! खरा, पिण्याजोगा, एक मगभर. मी तांब्याच्या पत्र्याचं भांडं केलं, मोटारीत लावायच्या किटलीतली तापणारी तार काढून त्यात बसवली, मागे छोटा नळ काढला. चहा उकळला की तार आपोआप बंद व्हावी म्हणून एक खटकाही बसवला. भांडं बुरुजात, म्हणजे वरच्या फिरत्या घुमटात मावेना, म्हणून आतल्या दोन बॅटऱ्यांपैकी एक काढून टाकली.

गॉडफ्री स्टुलावरून खाली उतरला. हे तो कधी करत नाही.

"एकाच बॅटरीवर चाकं, रेडिओ आणि चहा?"

"का?"

"अरे, तार तापायला लागली की सगळा जीव चहाकडे जाणार. रेडिओला काही उरणार नाही. तू इथून कितीही बटणं दाब, त्याला ऐकूच येणार नाही. शेवटचा जो हुकूम ऐकला असेल, तोच पाळत राहील."

"म्हणजे पुढे म्हटलं असेल तर..."

"पुढे. चहा उकळेपर्यंत."

मी मान डोलावली. (तीस वर्षं कौन्सिलात मी हेच केलं. मान डोलावली की ऐकलंच पाहिजे असं नसतं.) माझं सगळं लक्ष तेव्हा ड्रायव्हरकडे होतं. पुढच्या झाकणातून डोकं आणि खांदे बाहेर काढलेला एक फुटी बाहुला, काळी टोपी, लष्करी स्वेटर. त्याच्या भुवया रंगवायला मला एक अख्खा दिवस लागला.

जुलैतल्या एका रविवारी आमच्या गावाची शेजारच्या गावाशी मॅच होती. आमच्या बागेचं मागचं फाटक थेट मैदानावर उघडतं. सासरे अंपायर. गिलियन पॅव्हेलियनमध्ये काकडीची सँडविचेस करत होती. माझा बेत अगदी साधा होता. चहापानाची वेळ झाली, अंपायर सीमारेषेकडे निघाले, की तिथे सेंचुरियन उभा असेल आणि त्याच्या पोटात चहा तयार असेल. मग सासरे काहीतरी म्हणतील. काय म्हणतील, याच्या मी सतरा आवृत्त्या मनात तयार केल्या होत्या. सगळ्यांची सुरुवात 'डेनिस' अशी होती.

चहापानाला वीस मिनिटं असताना मी भांड्यात पाणी, पत्ती, साखर, दूध एकदम घातलं, झाकण लावलं, मागच्या हुकाला पत्र्याचा मग अडकवला आणि रेडिओची दांडी पुढे केली. रणगाडा घरघरत निघाला. काय सांगू तुम्हाला! गवतावर साखळीपट्टा असा बसत होता, जसं काही गवतानंच त्याला बोलावलं होतं. तो फाटकातून बाहेर पडला. आता चहा वेळेवर उकळावा म्हणून मी तार चालू केली.

सीमारेषेजवळ मी दांडी मागे ओढली.

रणगाड्यानं सीमारेषा ओलांडली.

"गॉडफ्री, हा थांबत नाहीये."

"चहा लावलास?"

"लावला."

"मग होऊ दे आता," गॉडफ्री म्हणाला आणि कुंपणावर नीट टेकून उभा राहिला.

दांडी दोन्ही अंगठ्यांनी मागे खेचून धरत मी मागे धावलो. थर्डमॅनचा माणूस आधी हसला, मग बाजूला झाला. कुणीतरी ओरडलं, "हा कुणाच्या टीममधला?" पलीकडून उत्तर आलं, "तुमच्याच! आमच्याकडे रनर नाहीये!" स्लिपमधल्या दोघांनी कीटबॅग आडवी टाकली, रणगाडा बॅगेवर चढला, क्षणभर तोंड वर करून विचार केल्यासारखा थांबला आणि पलीकडे उतरला. बॅगेत कुणाचा तरी चष्मा होता, ते नंतर कळलं. पॅव्हेलियनमधून गिलियन हातात लोण्याची सुरी घेऊन धावत येत होती.

"डेनिस! पिच! डेनिस, पिच!"

ते मलाही दिसत होतं. आमच्या गावात पिचवरून कुत्रं गेलं तर मालकाला पत्र येतं. त्या बावीस यार्डांवर ग्राउंड्समन स्वतःसुद्धा बूट काढून मोज्यांवर जातो. आणि माझा सव्वाशे किलोचा सेंचुरियन, पोटात चहा रटरटत, सरळ त्या दिशेनं निघाला होता. बोलर धाव अर्धी सोडून उभा राहिला. बॅट्समननं स्टंप सोडून सुरक्षित अंतर गाठलं, आणि त्यात त्याचा मान कमी झाला असं मला वाटत नाही.

हलले नाहीत ते फक्त एक. पांढरा कोट, कमरेला तीन खेळाडूंचे स्वेटर बांधलेले, वय वर्षं बहात्तर. सासऱ्यांनी खिशातले चेंडू मोजायचे खडे हळूच दुसऱ्या खिशात टाकले आणि दोन्ही हात वर केले. लष्करात रणगाड्याला वाट दाखवताना करतात तसे. डावा पंजा हलला. नेमका तिथे जमिनीला उतार असल्यामुळे रणगाडा जरासा डावीकडे झुकला. सासऱ्यांनी मान हलवली. दोन्ही हात पुढे, ये, ये, हळू. बॅटरी संपत आल्यामुळे रणगाडा हळू झाला. पिचच्या मऊ हिरव्या अंगावर, ऐन गुडलेंग्थला, साखळीपट्ट्यानं दोन सुंदर नक्षीदार पट्टे उमटवले. आमच्या कॅप्टननं टोपी तोंडावर ओढून घेतली.

मग सासऱ्यांनी मूठ वर करून घट्ट आवळली. थांब.

नेमका त्याच क्षणी चहा उकळला. बुरुजातून वाफ आली, खटका पडला, रेडिओ जागा झाला आणि सीमारेषेपासून मी जिवाच्या आकांतानं ओढून धरलेली दांडी त्याला ऐकू आली. रणगाडा सासऱ्यांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर, नमस्कार केल्यासारखा पुढे झुकून थांबला.

सगळे हळूहळू गोल करून उभे राहिले. सासरे मागच्या बाजूला गेले, हुकावरचा पत्र्याचा मग काढला, न शोधता नळ उघडला, आणि उभ्यानंच एक घोट घेतला.

"गिल."

"काय बाबा?" ती धापा टाकत होती.

"तीच चव." त्यांचा आवाज बदलला होता. "अगदी तीच गं. पत्र्याची, करपलेल्या दुधाची. भयंकर! चोपन्न सालानंतर इतका वाईट चहा मी प्यायलो नाही." आणि त्यांनी दुसरा घोट घेतला, डोळे मिटून.

"त्याला रणगाडा कशाला हवा?" गिलियन म्हणाली. "डेनिस रोज सकाळी असाच करतो."

मला त्याचं काही वाटलं नाही. कॅप्टन पिचवर गुडघे टेकून बसला होता, त्याचंही काही वाटलं नाही. मी रेडिओ हातात घेऊन दोन पावलं पुढे गेलो. सासऱ्यांनी हातातला मग रिकामा केला, रणगाड्याच्या पुढे आले, एक हात गुडघ्यावर ठेवून कष्टानं वाकले आणि इतक्या मायेनं बोलले, की मी तो आवाज सव्वीस वर्षांत ऐकलेला नव्हता.

"शाब्बास रे पोरा. प्रत्येक इशारा बरोबर पाळलास. ड्रायव्हर असावा तर असा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. "थँक्यू, मिस्टर ओकशॉट," मी म्हणालो.

त्यांचा हात बाहुल्याच्या टोपीवर होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं, आणि गिलियनकडे वळले.

"गिल, त्याला विचार, तो कशाबद्दल थँक्यू म्हणतोय?"