ढग आडवा, धूर उभा

घराबाहेर पाऊल टाकताना तुम्ही शेवटची परवानगी कोणाची मागितली होती? वडिलांची, साहेबांची, की सरकारची?

मला विचाराल तर परवानगी हा शब्द ऐकला तरी माझं डोकं तापतं. माझ्या वडिलांनी मला अक्षरं शिकवली ती पाटीवर नव्हे, पत्रकांवर. 'जुलूम' आणि 'धिक्कार' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता येत होते. अशा मला एका माणसानं वर्षानुवर्षं वाटेत अडवून बसवलं, आणि त्याचे आभार मानायला मी आज लिहायला बसलो आहे. तो माणूस म्हणजे केळदचे नावजीबाबा.

केळद हे वेल्ह्याच्या टोकाचं गाव. गाव संपलं की जमीनच संपते. पुढे कडा, आणि कड्याखाली कोकण. कड्याच्या कडेनं मढे घाटाची पायवाट उतरते. माझी अक्का खाली कोकणात दिलेली, म्हणून मी भोरहून या वाटेनं नेहमी जायचो. खांद्यावर तिच्यासाठी आंबेमोहोर तांदूळ आणि पाठीवर पत्रकांचा गठ्ठा. कोकणात तांदूळ घेऊन जाणारा मी एकटाच असेन, पण अक्काला माहेरचाच भात लागे.

घाटाच्या तोंडाशी नावजीबाबांचं घर. पावसाळ्यात ते वाटेवर आपली काठी ठेवायचे. काठी उभी रोवलेली असली तर घाट उघडा. आडवी पडलेली असली तर घाट बंद. हा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. बाबांनी मला टोपीपासून वहाणांपर्यंत पाहून घेतलं आणि उलट विचारलं, "डोंगराला इचारलं का?"

पुढे हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की अक्काच्या मुलांनासुद्धा पाठ झाला.

डोंगराला विचारायची त्यांची रीत होती. घरामागच्या उतारावर जमिनीला एक लांब भेग पडलेली होती. तिच्या दोन्ही अंगांना बाबांनी एकेक खुंटी ठोकून मध्ये सुतळी बांधली होती. सकाळी उठून तोंडसुद्धा न धुता ते त्या सुतळीपाशी उकिडवे बसत आणि एकतारीची तार छेडावी तशी ती छेडत. सुतळी ढिली असली तर डोंगर झोपलेला. ताठ झाली असली तर दोन खुंट्यांमधलं अंतर वाढलं, म्हणजे डोंगर सरकला. "आज म्हाताऱ्यानं वरचा सूर लावलाय," असं म्हणून ते उठत आणि काठी आडवी टाकत. मग झऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन उजेडात धरत. ते चहासारखं तांबूस दिसलं, की आत कुठेतरी माती सुटली. खेकडे बिळं सोडून घराच्या ओट्यावर आले तर तेही डोंगराचेच निरोपे. त्यांना मारायची घरात मनाई होती, त्यामुळे खेकड्याच्या कालवणाला बाबांची बायको पावसाळाभर मुकत असे.

सगळ्यात धास्ती त्यांना उघडिपीची. झडीचा पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं, की अडकून पडलेली माणसं हरखून घाटाकडे धावत. नेमकी त्याच दिवशी काठी आडवी. मी चिडून म्हणायचो की काल पावसात बंद ठीक होतं, आज उन्हात कसलं भय? बाबा म्हणत, "पाऊस पडतो तवा डोंगर पाणी पितो. जेवताना कुणी लवंडतं का, कागदराव? जेवण झाल्यावर लवंडतं."

कागदराव म्हणजे मी. माझ्या गठ्ठ्यावरून त्यांनी ठेवलेलं नाव. स्वातंत्र्यावरचं माझं भाषण त्यांनी एकदा शांतपणे पूर्ण ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, की हे झाल्यावर दरड कुणाच्या हुकमानं पडणार.

त्यांचं सगळं खरं व्हायचं असं मात्र मुळीच समजू नका. दहा वेळा घाट बंद केला तर नऊ वेळा एक खडासुद्धा हलत नसे. एकदा सुतळी इतकी ताठ लागली, की त्यांनी सगळ्या गावाला घाटाकडे फिरकू दिलं नाही. संध्याकाळी कळलं, की रात्री शेजाऱ्याची शेळी सुतळीत अडकली होती आणि ओढाताणीत एक खुंटी वाकली होती. त्या दिवशी खालच्या वाडीत एका बाळाचं बारसं होतं. आत्याबाई नवं लुगडं नेसून वर बसून राहिल्या आणि खाली बाळाच्या कानात नाव शेजारणीनं सांगितलं. आत्याबाई अजून बाबांशी बोलत नाहीत, आणि बाळाला अजून आपण ठरवलेल्या नावानंच हाक मारतात. पोरगा दोन्ही नावांना ओ देतो.

लोक हसत. बाबांना त्याचं काही वाटत नसे. खोटे ठरले की उलट त्या दिवशी ते चार घास जास्त जेवत. हा प्रकार मला बरीच वर्षं कळला नव्हता.

आता गोवरीचं सांगतो. घाट उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बाबा फडक्यात गुंडाळलेली एक वाळकी गोवरी देत. खाली पोचलं की ओढ्याकाठच्या काळ्या खडकावर ती पेटवायची, वर ओलं गवत टाकायचं आणि धूर करायचा. वरून धूर दिसला की बाबा कड्यावर रॉकेलचा रिकामा डबा बडवत. म्हणजे तुम्ही पोचल्याची पोच. ढग आणि धूर वरून एकसारखेच दिसणार, अशी शंका मी काढली होती. ते म्हणाले, "ढग आडवा जातो, धूर उभा." आणि ज्या दिवशी खालचा खडक धुक्यात दिसतच नसे, त्या दिवशी ते कुणाला सोडतच नसत.

कोट घातलेले, टिळा लावलेले, चष्मा लावलेले असे नाना तऱ्हेचे लोक काखेत गोवरी मारून घाट उतरताना मी पाहिले आहेत. खाली लोकांना त्यावरूनच कळे, की पाहुणे केळदवरून आले.

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटारी बंद पडल्या, आणि पायवाटेवर गर्दी वाढली. त्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. मी केळदला पोचेपर्यंत भिजून चिंब झालो होतो आणि पत्रकांचा लगदा व्हायचा बाकी होता. बाबांच्या बायकोनं, म्हणजे गजरामावशीनं, एकेक पत्रक सोडवून चुलीवरच्या शिंकाळ्यावर वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कडक ऊन पडलं. सुतळी ताठ होती आणि काठी आडवी.

तेवढ्यात भोरच्या कचेरीतले एक कारकून आले. मेहुण्याकडे निघाले होते. कोट, छत्री, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. बाबांनी काठी दाखवली. कारकून म्हणाले की कचेरीकडून रजा मंजूर करून घेता घेता माझा जीव गेला, आता डोंगराकडे वेगळा अर्ज करू का?

"कचेरी दरडीखाली येत न्हाई, भाऊसाहेब," बाबा म्हणाले.

भाऊसाहेबांनी काठी ओलांडली. मला वाटलं, बाबा आता भांडतील. ते घरात गेले, गोवरी घेऊन आले, धावत जाऊन पहिल्या वळणावर त्यांना गाठलं आणि ती त्यांच्या हातात कोंबली. मीही निघालो असतो, पण माझी पत्रकं अजून वाळत होती.

मग बाबा कड्यावर जाऊन बसले. मीही बसलो. मावशी सूप घेऊन आली आणि तांदूळ पाखडू लागली. भाकरी झाकून ठेवलेली होती, ती कुणी काढेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाबा दरीकडे तोंड करून बसले असले तरी विचारतात मावशीला. "काय दिसतं?" ती म्हणे, "न्हाई अजून." त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. खालचा खडक त्यांना केव्हापासूनच दिसत नव्हता.

दुपार कलायच्या आधी खालून आवाज आला. फार मोठा नव्हता. रिकामी बैलगाडी फरशीवरून गेली असती तर झाला असता तसा. मग पाखरांचा एक थवा वर उठला आणि पुन्हा सगळं शांत झालं.

"धूर?" बाबांनी विचारलं.

"न्हाई."

बाबा उठले. मुंडासं आवळलं, चाचपडत काठी घेतली आणि घाटाच्या दिशेनं चालू लागले. नीट न दिसणारा म्हातारा, नुकत्याच हललेल्या उतारावर निघाला होता. मी अडवायला उठलो. त्यांनी मला कोपरानं बाजूला सारलं.

सुपावरची नजर न काढता मावशी म्हणाली, "आला धूर."

बाबा थांबले. "उभा?"

"उभा."

मी खाली पाहिलं. ऊन स्वच्छ होतं. काळा खडक स्पष्ट दिसत होता आणि त्यावर काहीही नव्हतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीनं माझ्याकडे पाहिलं. लाठीवाल्यांच्या नजरेपुढे मी कधी गप्प बसलेलो नाही. त्या नजरेपुढे बसलो.

बाबांनी डबा घेतला आणि बडवला. मग घरी येऊन भाकरी खाल्ली. एरवी ते कालवणाला नावं ठेवल्याशिवाय उठत नसत. त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत.

रात्री बाबांनी सुतळी सैल करून पुन्हा बांधली होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी ढिलीच होती आणि काठी उभी राहिली. मावशी मला वळणापर्यंत पोचवायला आली. गोवरी तिनंच दिली, आणि तिथंच सांगितलं.

बाबांचा धाकटा भाऊ असाच एका उघडिपीला सासरवाडीला म्हणून खाली उतरला. तो तिकडे मजेत असेल अशा समजुतीत हे सगळे वर निवांत होते. पुढे बाजाराला कुणी खालून वर आला, तेव्हा बोलण्या-बोलण्यात कळलं की तो तिकडे पोचलाच नव्हता.

"तवर आमी हितं रोज जेवत होतो, हसत होतो," मावशी म्हणाली. "तो गेल्याचं दुःख सरलं, कागदराव. त्या जेवणाचं न्हाई सरत. तवापासनं धूर दिसल्याबिगर ह्यांच्या तोंडात घास जात न्हाई."

मग तिनं काम सांगितलं. भाऊसाहेब खाली धड असतील तर मी दोन धूर करायचे. एक माझा, एक त्यांचा.

"आणि नसतील तर?"

"तर एकच करा. मंग म्या सांगंन त्यांना. खोटं म्या बोलले, म्याच निस्तरंन."

तो घाट मी इतक्या घाईनं कधी उतरलो नव्हतो. अर्ध्या वाटेवर दरड दिसली. पलीकडच्या घळीत लाल माती उघडी पडली होती. वाटेपासून पुष्कळ लांब. वाट जशीच्या तशी होती. पण नवखा माणूस वाट चुकून त्या घळीत शिरला नसेल कशावरून? मी थांबलो नाही.

खालच्या वाडीत चहाचं एक खोपट आहे. तिथं भाऊसाहेब बाकावर बसले होते. उतरताना पाय मुरगळला म्हणून मुक्कामच केला होता, आणि गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून ते बशीतून चहा पीत होते. चुलीत किटलीखाली गोवरीचा शेवटचा तुकडा लालबुंद होऊन जळत होता. मला पाहताच ते खुशीनं म्हणाले, की म्हाताऱ्याच्या गोवऱ्या पेटतात मात्र झकास.

माझ्या तोंडाशी एक अख्खं पत्रक आलं होतं. ते गिळलं आणि खडकाकडे पळालो. गोवरी मोडून दोन तुकडे केले, लांब लांब ठेवले. गोवरीला वाटेत ओल लागली होती, पेट घेईना. मग गठ्ठा सोडला आणि मावशीनं चुलीवर खडखडीत वाळवलेली पत्रकं एकेक करून खाली सारली. 'धिक्कार' चांगला पेटला. वर ओलं गवत टाकलं. आधी एक धूर उठला, मग दुसरा. दोन्ही उभे.

वर काहीच हललं नाही. मावशीनं पाहायचं, मग त्यांना सांगायचं, एवढाच तो वेळ असणार. पण मला तो फार लांबला.

मग डबा वाजला. नेहमीसारखा, संथ. थांबला. आणि पुन्हा वाजू लागला, तो जत्रेत हट्टानं विकत घेतलेली ढोलकी पोरानं बडवावी तसा, ताल सोडून, थांबायचं नावच न घेता.

भाऊसाहेब लंगडत माझ्यामागे येऊन उभे होते. "वर लग्नबिग्न आहे का कुणाचं?"

"तुम्ही पोचलात म्हणून वाजवताहेत."

"अहो, मी तर काल दुपारीच पोचलो."

"त्यांच्याकडे आत्ता पोचलात," मी म्हणालो, आणि कालची सगळी हकिकत सांगितली.

त्यांनी टोपी सारखी केली, कड्याकडे तोंड केलं आणि छत्री उंच धरून हलवली. वरून बाबांना ती दिसणार नव्हती. मी तसं त्यांना सांगितलं नाही.

परवानगी देणारे आणि नाकारणारे मी पुष्कळ पाहिले. कागदावर शिक्का उठला की त्यांचं काम संपतं. पुढे तुम्ही पोचलात की वाटेत मेलात, हे पाहायला कुणी खिडकीतून मान बाहेर काढत नाही. तुम्ही पोचेपर्यंत उपाशी बसणारा मला हा एकच भेटला. त्याच्या काठीपुढे मी आजही थांबतो, आणि माझ्या कुठल्याही तत्त्वाला त्यानं धक्का पोचत नाही.

वाचकहो, तुम्ही कधी मढे घाटानं उतरलात तर एवढं करा. काठी आडवी असेल तर बसा, मावशी ताक देईल. मिळालेली गोवरी कोटाला डाग पडेल म्हणून झुडपात टाकू नका. खाली गेल्यावर चहा नंतर प्या. आधी खडकावर जा, गोवरी पेटवा, ओलं गवत टाका, आणि डबा ऐकू येईपर्यंत तिथून हलू नका. गजरामावशीला पुन्हा खोटं बोलायला लावू नका.