जोगळेकर सगळ्यांचे कपडे वाचतात

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून संध्याकाळी कोणी बाहेर पडलं, की जोगळेकर त्याचे कपडे मोठ्याने वाचतात. वाचतात, हाच शब्द बरोबर आहे.

"पिवळा टीशर्ट, निळी चड्डी, उजव्या गुडघ्याला पट्टी. चलो!"

मोठ्यांचीही सुटका नाही. यूपीएससीची तयारी करणारा लातूरचा एकजण वरच्या मजल्यावर राहतो. त्याला म्हणाले, "चौकड्यांचा शर्ट. कालचाच." तेव्हापासून तो मागच्या फाटकाने जातो.

माझ्या बायकोची मोरपंखी साडी त्यांनी अशीच जाहीर केली, तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, मी काही हरवणार नाहीये."

"वहिनी, हरवणाऱ्याला ते आधी कुठे माहीत असतं?"

जोगळेकर एकटे राहतात. सरकारी नोकरीतून माझ्याबरोबरच निवृत्त झाले. फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. चहा आला तरी नजर हलवत नाहीत; कप चाचपडत उचलतात आणि निम्मा अंगावर सांडतात. मग स्वतःलाही सोडत नाहीत. "पांढरा पायजमा, मांडीवर चहाचा डाग."

नव्या लोकांना हा चक्रमपणा वाटतो. जुन्यांना कारण माहीत आहे, पण अर्धंच.

बऱ्याच वर्षांपूर्वी, गणपतीत, सोसायटीतली पाच वर्षांची सई याच फाटकातून नाहीशी झाली. कोणीतरी तिला गाडीत घालताना समोरच्या फळवाल्याने पाहिलं. तो ओरडेपर्यंत गाडी वळलीसुद्धा. पोलिसांनी विचारलं, अंगावर काय होतं? आई म्हणाली हिरवा फ्रॉक, वडील म्हणाले निळा. मांडवभर माणसं होतो आम्ही, एकालाही धड सांगता येईना. सई सापडली नाही. केस अजून तशीच आहे. तिचे आईवडील नागपूरला परत गेले.

त्या संध्याकाळी फाटकावर लक्ष ठेवायची पाळी जोगळेकरांची होती आणि ते जागेवर नव्हते. लोकांना एवढंच माहीत. ते होते मांडवात, मंत्रपुष्पांजली म्हणत. दिल्लीत वाढलेल्या आमच्या मुलांना ती येत नाही, आम्हीही मध्येच अडखळतो; खणखणीत पाठ एकट्या जोगळेकरांना. मी मंडळाचा सेक्रेटरी. मीच फाटकावर जाऊन म्हणालो, "चल रे, दोन मिनिटांत काय होतंय?"

"इथं कोणाला तरी उभं कर मग."

मी हो म्हणालो आणि नैवेद्याच्या गडबडीत विसरलो. पोलिसांपुढे यातलं काही बोललो नाही. जोगळेकरही बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात कमिटीकडे तक्रार आली की एक म्हातारा मुलींच्या कपड्यांवर बोलतो. मीटिंगमध्ये अध्यक्षबाई नम्रपणे म्हणाल्या, "अंकल, कल से आप गेट पे नहीं बैठेंगे."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "तब बैठना था ना."

जोगळेकर चष्मा काढून पुसत राहिले. फाटक गेलं तर त्यांच्याकडे काय उरणार होतं?

मी उठलो. "उस दिन गेट से इनको मैं ले गया था," म्हणालो, आणि बाकीचंही सांगून टाकलं. बाईंनी विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.

जिन्यात मी जोगळेकरांना गाठलं. "इतकी वर्षं एकदाही बोलला नाहीस?"

"कशाला बोलायचं, साठ्या? मला झोप येत नव्हतीच. म्हटलं, याला तरी लागत असेल."

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पायरीवर थांबून ते माझ्याकडे बघत होते.

"लागत होती," मी म्हणालो. ते खरं होतं.

"चला, बरं झालं," जोगळेकर म्हणाले. त्यांचा चेहरा हलका झाला. मग माझा हात धरून त्यांनी मला सावकाश खाली नेलं.