जावयाचं वजन आणि जुन्या चालीचा पंख

हँग ग्लायडर ही काही नवी गोष्ट नाही, असं लीलाधरभाऊंचं मत होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीत लोक काड्या-कापडाचा पंख काखेत अडकवून टेकडीवरून उडत आणि पाय झुलवून वळत. आजचा पायलट पट्ट्यांत आडवा लटकतो, पण वळतो अजूनही अंगाचं वजन सरकवूनच. आणि वजन ही गोष्ट भाऊंकडे मुबलक होती.

पिंप्राळ्याच्या आपल्या घराच्या गच्चीवर त्यांनी बांबू आणि मंडपाच्या कापडाचा जुन्या चालीचा पंख बांधला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, टेम्पोत घालून साक्रीजवळच्या सासुरवाडीला नेला. वरातीत घोड्यावरून पडलेला जावई, ही तिथली तीस वर्षांची ओळख त्यांना पुसायची होती.

सासूबाईंनी, म्हणजे भागाबाईंनी, आधी मांडे आणि आमरस वाढला. जावयाने नाही म्हणायचं नसतं. भाऊ चौथ्या मांड्यालाही नाही म्हणाले नाहीत. पंखाचं गणित मात्र उपाशी लीलाधरभाऊंवर बेतलेलं होतं.

"पाव्हना, बठ्ठं गाव येयेल शे," टेकडीवर मेहुणा सुकदेव जमलेल्या गर्दीकडे हात करून म्हणाला. "आते उडनंच पडी."

"वारा येऊ दे."

"वारा कव्हयना शे," सुकदेवने पंखाचं फडफडणारं कापड दाखवलं. "तुम्हीच हालत नही."

भाऊ पळाले. पंख उठला, भाऊ बसले. बसल्या बसल्याच ते बरंच अंतर उतरले.

"अहो, लागलं का?" बायको रत्ना धावत आली.

"तांत्रिक अडचण आहे."

"आमरसाची?"

गाव हसत असतानाच भागाबाई पुढे आल्या. वय सत्तरीचं, वजन जेमतेम चाळीस किलो. "सरका, जावईबापू. माले देखू द्या."

त्यांनी पंखाचा बांबू काखेत धरला आणि नेमकी वाऱ्याची झुळूक आली. चपला खाली राहिल्या, भागाबाई वर.

"धरा! मायले धरा!" सुकदेव ओरडला.

भाऊंनी झेप घेऊन सासूबाईंचे दोन्ही पाय धरले आणि फतकल मारली. त्यांच्या वजनाचा असा उपयोग प्रथमच होत होता.

"सोडा ना, जावईबापू! जाऊ द्या माले!"

भाऊंनी सोडलं नाही.

टेकडीखाली उशिरा पोहोचलेल्यांना एवढंच दिसलं, की जिथे सासूने जावयाचे पाय धुवायचे, तिथे जावई चारचौघांत सासूचे पाय धरून बसलाय. संध्याकाळपर्यंत गावभर एकच बोलणं होतं, "जावई व्हावा त असा!"

भागाबाई तेवढ्या भाऊंशी बोलत नव्हत्या. त्यांचं म्हणणं होतं, पाव्हण्याने पाय धरले नसते, तर त्या पिंपळनेरला बहिणीला भेटून आल्या असत्या.