साळवीबाई आणि पातळ लॅपटॉप

आमच्या ऑफिसचा लॅपटॉप साळवीबाई भाजीच्या पिशवीतून न्यायच्या. पिशवी कापडी, तळाला जुन्या सुती साडीच्या घड्यांत गुंडाळलेला लॅपटॉप, आणि वर शेवग्याच्या चार शेंगा, निम्म्या बाहेर आलेल्या. शेंगाच का, याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. कोथिंबीर ओली असते, टोमॅटोचा भरवसा नाही, शेंग मात्र कोरडी असते आणि लांबून दिसते. "शेंगा दिसल्या की त्या पिशवीत चोर हात घालत नाही," असं त्या म्हणायच्या. लॅपटॉपबरोबर आलेली काळी चकचकीत बॅग त्यांनी पहिल्याच आठवड्यात कपाटात टाकून दिली होती. "ही बॅग म्हणजे 'मला चोरा' अशी पाटी आहे."

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. तुर्भ्याला आमची छोटी कंपनी होती. कारखान्यांतून निघणारं सांडपाणी साफ करायची यंत्रं आम्ही बनवायचो. वैद्यसाहेब मालक, आम्ही चार इंजिनीअर, खाली वर्कशॉप आणि साळवीबाई. बाई बावीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, बाई त्याच खुर्चीत राहिल्या. मी साताऱ्याकडचा, नुकताच नोकरीला लागलेला, अजून पर्मनंट न झालेला. पहिल्या दिवशी मी त्यांच्या टेबलावरचा स्टेपलर न विचारता घेतला आणि त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, ते मला अजून आठवतं.

हा लॅपटॉप साहेबांच्या मेव्हण्याने सिंगापूरहून आणला होता. तो इतका पातळ होता, की साहेब आल्यागेल्या प्रत्येकाला तो ऑफिसच्या खाकी पाकिटात घालून दाखवायचे. "बघा, फाइलमध्ये जातो." सगळे माना डोलवायचे. साळवीबाई डोलवायच्या नाहीत. कारण लॅपटॉप पातळ करण्यासाठी त्याच्या पोटातलं सगळं बाहेर काढून ठेवलं होतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. फ्लॉपीचा डबा वेगळा. सीडीचा वेगळा. प्रिंटर, माउस वगैरे जोडायची पट्टी वेगळी. चार्जर विटेएवढा, आणि त्याची पिन तीन चपट्या पायांची, जी आपल्या गोल भोकांच्या सॉकेटकडे बघतसुद्धा नव्हती. साहेब लॅपटॉप उचलायचे. बाकीचं बिऱ्हाड बाई उचलायच्या.

"माणसानं घरातलं सामान गॅलरीत ठेवावं आणि घर मोठं आहे म्हणून सांगावं, तसं आहे हे," त्या म्हणाल्या.

लॅपटॉपचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि आम्हा चार इंजिनीअरांपैकी कुणीही ते उघडलं नव्हतं. बाईंनी शब्दकोश शेजारी ठेवून पंधरा दिवस डब्याच्या सुट्टीत ते वाचून काढलं. मग त्या वाशीला गेल्या आणि नेलपॉलिशच्या पाच बाटल्या घेऊन आल्या. स्वतः बाईंनी आयुष्यात नखाला रंग लावला नव्हता. दुकानदाराने म्हणे विचारलं, "मॅडम, हात दाखवा, स्किनला कुठला सूट होईल बघतो." बाई म्हणाल्या, "मला नाही, प्रिंटरला पाहिजे." त्यांनी प्रत्येक वायरीच्या टोकाला आणि ती जिथे बसते त्या तोंडाला एकाच रंगाचा ठिपका दिला. प्रिंटरला कॉफी, फ्लॉपीला मोतिया, माउसला लाल. तरी पट्टीवर माउसचं आणि कीबोर्डचं तोंड अगदी सारखं असून एकाचं दुसऱ्यात चालत नाही, याचा त्यांना राग होता. "दोन दारं सारखी आणि आत माणसं वेगळी. पाहुण्यानं करायचं काय?"

तोंडांना त्यांनी नावंही आपली दिली होती. 'नऊ टाचण्यांचं', 'पंधरा भोकांचं', 'पंचवीस भोकांचं'. आणि सगळ्यांना लागू असलेला एकच नियम: "बसतंय का बघा, बसवू नका." हा नियम त्या कुठेही लावायच्या. वर्कशॉपमधल्या पाटीलमामांनी मुलीला आलेलं एक स्थळ जरा ओढूनताणून जमवायला घेतलं, तेव्हा बाई त्यांना जिन्यात थांबवून हेच म्हणाल्या. मामा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्थळाला नकार कळवला.

साहेबांचा सगळा जीव डेमोत होता. गिऱ्हाइकाकडे जायचं, लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायचा आणि आपलं यंत्र पाणी कसं साफ करतं ते भिंतीवर दाखवायचं. पण या पातळ लॅपटॉपला प्रोजेक्टर लावायला तोंडच नव्हतं. त्यासाठी एक वीतभर जोड होता. एका टोकाला पंधरा भोकं, दुसऱ्या टोकाला चपटं, केसासारख्या बारीक टाचण्यांचं तोंड. ते लॅपटॉपच्या कुशीत बसायचं, पण घट्ट नाही. जरा हललं, की पडद्यावरचा हिरवा रंग गायब व्हायचा आणि चित्र गुलाबी दिसायचं.

दुसऱ्या कुणाचं चालून गेलं असतं. आमचा धंदा होता घाणेरडं पाणी स्वच्छ करण्याचा. साहेब गंभीर आवाजात सांगायचे, "आता प्रक्रिया केलेलं पाणी पाहा," आणि पडद्यावर गुलाबी पाणी.

यावर उपाय बाईच होत्या. डेमो सुरू झाला, की त्या टेबलाच्या मागे खाली स्टुलावर बसायच्या आणि जोड एका विशिष्ट कोनात बोटांनी धरून ठेवायच्या. चाळीस मिनिटं, कधी तासभर. खोकला आला तरी हात हलायचा नाही. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर आमच्या ते लक्षातही राहायचं नाही.

तळोज्याला कपड्यांचे रंग बनवणारा एक कारखाना होता. साहेब दीड वर्ष त्यांच्या मागे होते. शेवटी तिथले मॅनेजर कामत यांनी वेळ दिली. जीपमधून आम्ही तिघं निघालो. साहेब, मी आणि मांडीवर पिशवी घेतलेल्या बाई.

गेटवर वॉचमनने पिशवीतल्या शेंगा पाहिल्या आणि हात आडवा केला. म्हातारा तिथल्याच गावचा होता.

"बाय, भाजी आत न्यायची नाय. हितं केमिकल हाय."

"भाजी नाही ती. वरवरची आहे."

"वरची असो का खालची. शेंग हाय ना?"

बाई म्हणाल्या, "मग शेंगा ठेवून घ्या, परत जाताना नेते." तो म्हणाला, खायची वस्तू गेटवर ठेवायचीही परवानगी नाही, त्यासाठी केबिनमध्ये लिहून द्यावं लागेल. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "माने, तू लॅपटॉप आणि तो जोड घेऊन पुढे हो. जोडून ठेव." बाईंनी साडीच्या घडीतून लॅपटॉप काढून माझ्या हातात दिला, आणि जोड देताना तो क्षणभर सोडलाच नाही. "ठिपका वर," त्या म्हणाल्या.

मी आत गेलो. खोलीत कामत आणि त्यांची सहा माणसं बसली होती, सगळी माझ्याकडे बघत होती. घाईत मी ठिपका पाहिला नाही. जोड बसेना. मी जरा जोर दिला. मग आणखी जरा. तो बसला.

पडद्यावर आमचं पहिलं चित्र आलं, गुलाबी. साहेब आले, त्यांनी ते बघितलं आणि बाईंची वाट पाहायला लागले. बाई आल्या, खाली बसल्या, जोड हातात घेतला आणि वर माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तो हळूच बाहेर काढला. दोन टाचण्या आडव्या झाल्या होत्या. पर्समधून भुवयांचा चिमटा काढून त्यांनी पहिली टाचणी सरळ केली. दुसरी तुटली.

साहेबांनी तसाच डेमो सुरू केला. यंत्र गुलाबी, टाकी गुलाबी, पाणी तर विचारू नका. कामत शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "वैद्य, असं पाणी आमच्याकडे आधीच आहे."



दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बाईंना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. तुटका जोड त्यांच्या टेबलावर होता. तसा जोड इथे कुठे मिळत नव्हता आणि सिंगापूरहून यायला दीड महिना लागणार होता. माझ्या जागी आधी असलेल्या मुलाला साहेबांनी एका चुकीच्या फॅक्सवरून घरी पाठवलं होतं, हे मला ठाऊक होतं. रात्रभर मी सॉरीची वाक्यं जुळवली होती.

"कुणी लावला होता हा?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. बाई आधी बोलल्या.

"माझ्या हातून तुटला."

"तुमच्या हातून? साळवी, तुमच्या?"

"हो. चिमट्यानं सरळ करताना."

हे खोटं नव्हतं. अर्धं होतं. साहेब खुर्चीत मागे टेकले. राग कुणावर काढावा ते त्यांना कळेना. मग त्यांनी लॅपटॉपकडे असं पाहिलं, जसं आजवर कधी पाहिलं नव्हतं. "तुमच्या हातून तुटत असेल," ते सावकाश म्हणाले, "तर हे मशीनच माणसांसाठी केलेलं नाही."

दुपारी मी डबा घेऊन बाईंच्या टेबलाशी गेलो. त्या भाकरीबरोबर कोलंबीचं सुकं खात होत्या.

"मॅडम, तुम्ही का..."

"बसा. जेवा आधी," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव घेतलं असतं, तर साहेबांनी तुम्हाला काढलं असतं. माझं घेतलं, आता मशीन काढतील."

"मी ठिपका बघायला हवा होता."

"बघायला हवाच होता," त्यांनी ताडकन सांगितलं आणि माझ्या डब्याच्या झाकणात थोडं सुकं वाढलं.

पंधरा दिवसांत नवीन लॅपटॉप आला. चांगला जाडजूड, चार किलोंचा. कुठल्याही पाकिटात तो जाणार नव्हता. बाजारात बैलाचे दात बघतात तसा बाईंनी तो चहूबाजूंनी पाहिला. फ्लॉपी आत. सीडी आत. मागची झडप उघडली की सगळी तोंडं ओळीनं, प्रोजेक्टरचं पंधरा भोकांचंसुद्धा, आणि वायर बसली की दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळायचे, म्हणजे हलायचा प्रश्नच नाही. आपली गोल पिन. "शहाणं मशीन आहे," बाई म्हणाल्या. "सगळं पोटात ठेवलंय." त्या दिवशी त्या खरंच खूश होत्या. जुन्या वायरी गुंडाळून, नेलपॉलिशच्या बाटल्यांसकट, त्यांनी एका खोक्यात भरल्या.

कामतांनी पुन्हा वेळ दिली. साहेब म्हणाले, "माने, आपण दोघं पुरे. आता जोडायला काय आहे?"

ते खरंच होतं. मी बाईंकडून लॅपटॉप घ्यायला गेलो. त्यांनी तो साडीच्या घडीत बांधूनच ठेवला होता. मशीन नवं असलं तरी साडी तीच. "जा, उशीर करू नका," त्या म्हणाल्या आणि टायपिंगला वळल्या. बाई कोपरखैरण्याला एकट्या राहायच्या. आई गेल्यापासून घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर, एवढंच. गेल्या वर्षभरात त्या रोह्याला, पाताळगंगेला, एकदा तर थेट पुण्यापर्यंत जाऊन आल्या होत्या, लॅपटॉपबरोबर. दर वेळी त्या चांगली साडी नेसून यायच्या. आजही त्यांनी चांगली साडी नेसली होती. आपल्याला जायचं नाही, हे त्यांना सकाळी आल्यावरच कळलं असणार.

मी साहेबांकडे परत गेलो. म्हटलं, "सर, प्रोजेक्टर कामतांचा आहे. आयत्या वेळी काही निघालं तर मला नाही जमणार."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तू इंजिनीअर आहेस ना?"

"हो सर. म्हणूनच सांगतोय."

साहेब हसले आणि दारातून हाक मारली, "साळवी, चला हो."

तळोज्याला वायर लावायला मला अर्धं मिनिट लागलं. मी ठिपका शोधला, तो नव्हता, त्याची गरजही पडली नाही. चित्र आलं, रंग जागच्या जागी. बाई सवयीने टेबलामागे जाऊन स्टूल शोधायला लागल्या. कामतांनी त्यांना पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तिकडे कशाला? इथे बसा, पुढे." बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या, हात मांडीवर. पहिली काही चित्रं होईपर्यंत त्यांचं लक्ष वायरीकडेच होतं. मग ते पडद्याकडे गेलं आणि तिथेच राहिलं. डेमो संपल्यावर कामतांनी साहेबांना चहाला थांबवून घेतलं आणि कागदपत्रं कधी देता ते विचारलं.

परतताना साहेब पुढे ड्रायव्हरशेजारी बसून काहीतरी गुणगुणत होते. बाई मागे खिडकीपाशी. जीप कळंबोलीला पोचली.

"माने," त्या हळूच म्हणाल्या, "शेवटी त्या काचेच्या टाकीत मासे सोडलेत आपण. साफ केलेल्या पाण्यात. केशरी."

"हो मॅडम. पहिल्यापासून आहे ते. शेवटचं चित्र."

"पहिल्यापासून?"

"हो."

त्यांनी मान हलवली आणि बाहेर बघायला लागल्या. बाई याआधी अकरा डेमोंना आल्या होत्या, प्रत्येक वेळी टेबलामागे.

"छान आहेत," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "किती आहेत ते मोजायचं राहिलं."

मी त्यांना सांगितलं, सात आहेत.